गाळप छापता, तसा उताराही छापा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यातल्या एका अंकात चौथ्या पानावर वरच्या अंगाला साखर हंगामाचा तक्ता होता. कारखान्याचं नाव, आजअखेर गाळप, साखर उत्पादन, उतारा (म्हणजे शंभर किलो उसातून किती किलो साखर निघाली). त्याच पानावर खाली मोठा रंगीत फोटो होता. अकरा मुलं-मुली, गळ्यात हार, हातात गुलाबाचं फूल आणि पासपोर्ट, मागं विमानाचं चित्र असलेला फ्लेक्स. आपल्या भागातल्या या अकरा जणांना कॅनडा, जर्मनी आणि अमेरिकेचा विद्यार्थी व्हिसा मिळाला म्हणून त्यांचा सत्कार झाला, अशी बातमी. अकराही पोरांचं मनापासून अभिनंदन. पण पान हातात धरून मी बराच वेळ वरचा तक्ता आणि खालचा फोटो आलटून पालटून बघत बसलो. वर उताऱ्याचा रकाना आहे. खाली नुसतं गाळप.

घरच्यांना वाटलं, म्हाताऱ्याला तक्त्यात चूक सापडली. तशी एक होतीही. एका कारखान्याचा उतारा एक ओळ सरकून दुसऱ्याच्या नावापुढं पडला होता. पण ते असू दे.

पत्र लांबणार आहे, आधीच माफी मागतो. कात्री लावलीत तरी हरकत नाही, फक्त आकडे तेवढे कापू नका.

मी पलूस तालुक्यातला. एका सहकारी साखर कारखान्याच्या लॅबमध्ये एकतीस वर्षं काढली. शिफ्ट केमिस्ट म्हणून लागलो आणि डेप्युटी चीफ केमिस्ट म्हणून निवृत्त झालो. उसाबरोबर गव्हाणीत (ऊस टाकायच्या पट्ट्यावर) आत आलेल्या साखरेचा हिशेब ठेवायचा, हे आमचं काम. दर तासाला बगॅसचा (रस काढून उरलेल्या चोथ्याचा) नमुना, रसाचा ब्रिक्स (विरघळलेला घन भाग), पोल (त्यातली साखर). रात्री अडीच वाजता पोलारीमीटरच्या भिंगाला डोळा लावून बसायचं, आणि बाहेर गाड्यांची रांग पार वेशीपर्यंत गेलेली असायची. उसात शंभराला तेरा साखर होती आणि पोत्यात अकरा भरली, तर मधली दोन कुठं गेली हे कागदावर दाखवावं लागे. बगॅसमध्ये इतकी, प्रेसमडमध्ये (रस गाळून उरलेल्या गाळात) इतकी, मळीत (साखर काढून उरलेल्या काळ्या पाकात) इतकी. आणि सगळ्यात खाली एक ओळ असायची, अननोन लॉस, म्हणजे जिचा पत्ताच लागला नाही अशी घट. बगॅसमधली घट वाढली की मिलवाल्यांना बोलावणं जायचं, मळीतली वाढली की पॅनवाल्यांना. अननोन वाढली की एमडी स्वतः लॅबमध्ये यायचे आणि चहा न घेता जायचे.

आपल्या भागात उताऱ्याचं महत्त्व शेंबड्या पोराला माहीत आहे. २०२४-२५ च्या हंगामाला केंद्रानं १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागं ३४० रुपये एफआरपी (कारखान्यानं उसाला द्यायचा किमान दर) धरली, आणि त्यावर प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ३२ पैसे. त्या एका दशांशासाठी आमच्याकडं रास्ता रोको होतो. मागच्या हंगामाचा उतारा धरायचा की चालू हंगामाचा, यावरून प्रकरण हायकोर्टापर्यंत गेलं. आणि हीच माणसं, म्हणजे आम्हीच, पोराला सातासमुद्रापार पाठवताना तिथल्या कॉलेजचा उतारा विचारत नाही. शंभर पोरं आत गेली तर पदवी घेऊन किती बाहेर येतात, किती वर्षांत येतात, आणि बाकीची कुठं जातात, एवढाच प्रश्न आहे.

गेल्या दिवाळीनंतर माझ्या जुन्या सहकाऱ्याबरोबर (मिल फिटर होता, आता शेती बघतो) सांगलीत एका कन्सल्टन्सीत गेलो होतो. त्याच्या मुलीला कॅनडाला जायचं होतं. "तुम्हाला आकडं कळत्यात, चला," म्हणाला. पहिला मजला, काचेचं दार, भिंतीवर कॅनडाचा नकाशा आणि त्यावर लाल टाचण्या. समोर मोठ्या अक्षरांत 'सक्सेस रेट ९७ टक्के'. काउंटरवरच्या मुलीला विचारलं, "हा सक्सेस कशाचा?"

"व्हिसाचा, काका."

"आणि पदवीचा?"

तिनं आतल्या केबिनकडं पाहिलं. आतले साहेब बाहेर आले. माणूस वाईट नव्हता, खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाले, "काका, तिथं जाऊन पास होणं मुलांच्या हातात असतं."

"ऊस पण शेतकऱ्याच्याच हातात असतो," मी म्हटलं, "तरी उतारा कारखान्याच्या नावानं छापतात."

ते हसले. मग मी विचारलं, कॅनडात नेमकं कुठं? टोरंटोच्या आसपास, म्हणाले. प्रांत कुठला, तिथं आणि शेजारच्या प्रांतात फरक काय? त्यावर त्यांचं उत्तर होतं, "काका, कॅनडा म्हणजे कॅनडाच की."

इथंच माझं घोडं अडतं. महाराष्ट्रात साखर म्हणजे साखरच, असं कोणी म्हणतं का? कोल्हापूर विभागाचा उतारा राज्यात वरचा, नांदेड-सोलापूरचा खाली. सांगली कोल्हापूर विभागात मोडते आणि सातारा पुणे विभागात, म्हणून कृष्णेच्या एकाच खोऱ्यातला ऊस तक्त्यात दोन ठिकाणी दिसतो. जमीन वेगळी, हवा वेगळी, जात वेगळी, तोडीपासून गव्हाणीपर्यंत लागणारे तास वेगळे. विभाग बघितल्याशिवाय नुसता राज्याचा सरासरी उतारा सांगणाऱ्याला आम्ही लॅबमध्ये उभं केलं नसतं.

कॅनडाचंही तसंच आहे. तिथं व्हिसा केंद्राच्या हातात आणि शिक्षण प्रांतांच्या. प्रत्येक प्रांताची घडी निराळी, त्यामुळं परदेशी विद्यार्थ्यांचं पदवी पूर्ण होण्याचं प्रमाणही प्रांतागणिक निराळं येतं, आणि त्यातला सगळाच फरक पोरांच्या अभ्यासाचा नसतो. क्वेबेक घ्या. तिथं शाळा अकरावीपर्यंत, मग दोन वर्षं सेजेप नावाचं कॉलेज, आणि त्यानंतर विद्यापीठाची पदवी बहुधा तीन वर्षांची. आपल्याकडून बारावी करून गेलेल्याला तिथं बऱ्याचदा एक पायाभूत वर्ष जास्तीचं करावं लागतं. म्हणजे एकाच वाफ्यात तीन वर्षांचं आणि चार वर्षांचं अशी दोन पिकं शेजारी उभी. बाकीच्या प्रांतांत पदवी साधारण चार वर्षांची. आता 'चार वर्षांत किती पास?' हा एकच प्रश्न सगळ्या प्रांतांना विचारला, तर क्वेबेकमध्ये तीन वर्षांची पदवी करणाऱ्या पोराला एक वर्ष रेंगाळायची मुभा आहे आणि नोव्हा स्कोशियातल्या पोराला एका सेमिस्टरचीही नाही. सुरू (बारा महिन्यांचा ऊस) आणि आडसाली (दीड वर्षाचा) एकाच दिवशी तोडून उतारा लावण्यातला हा प्रकार.

ओंटारिओत को-ऑपचं प्रस्थ मोठं. वॉटर्लूसारख्या विद्यापीठात मुलं एक सत्र शिकतात, एक सत्र कंपनीत पगारावर काम करतात. पदवीला पाच वर्षांच्या आसपास लागतात. चार वर्षांच्या रकान्यात ही पोरं 'पूर्ण नाही' अशी दिसतात, आणि नोकरी मात्र यांनाच आधी लागते. ब्रिटिश कोलंबियात आणखी तिसरा प्रकार. पहिली दोन वर्षं स्वस्तातल्या कॉलेजात काढायची आणि मग विद्यापीठात बदली घ्यायची, ही तिथली जुनी, रुळलेली वाट आहे. पहिल्या कॉलेजनं नुसता आपल्यापुरता हिशेब लावला तर तो मुलगा गळाला. आमच्याकडं बी-हेवी मळी (सगळी साखर काढून न घेतलेली) इथेनॉलला जायला लागली तेव्हा हेच झालं. साखर उतारा कमी दिसायला लागला आणि शेतकरी म्हणाले, चोरी झाली. साखर चोरीला गेली नव्हती, दुसऱ्या टाकीत गेली होती. तेवढा उतारा हिशेबात परत मिळवून धरावा लागतो, आणि तो धरला की नाही हे विचारावंही लागतं. विद्यार्थ्यांच्या बाबतीत म्हणून असं विचारायचं की हा आकडा एका कॉलेजचा आहे की पोरगं देशात कुठंही पास झालं तरी धरणारा आहे. कॅनडाची सरकारी सांख्यिकी संस्था प्रवेशाची तुकडी धरून पुढं किती वर्षांत किती जण टिकले, किती पास झाले याचा माग ठेवते, स्थानिक वेगळे आणि परदेशी वेगळे. माहिती आहे. ती विचारणारा पालक नाही.

आता घरातलं सांगतो.

माझ्या धाकट्या भावाचा मुलगा मेकॅनिकलचा. जानेवारी २०२३ ला ओंटारिओत गेला, दोन वर्षांच्या डिप्लोमाला. कॉलेजचं नाव लिहीत नाही. नाव एका सरकारी कॉलेजचं आणि वर्ग भरायचे दुसऱ्याच खाजगी संस्थेच्या इमारतीत, एवढं सांगतो. भावानं तीस गुंठे तारण ठेवले. सातबाऱ्यावर इतर हक्कात बँकेचं नाव चढलं, सोळा लाखांचा बोजा. पोरगं ब्रॅम्प्टनला एका बेसमेंटमध्ये पाच जणांत राहायला लागलं.

तो उतरला तेव्हा तिथं एक सवलत चालू होती. परदेशी विद्यार्थ्यानं कॉलेज चालू असताना बाहेर आठवड्याला वीस तासच काम करायचं, हा नियम कॅनडानं १५ नोव्हेंबर २०२२ पासून तात्पुरता उठवला होता आणि ती मुभा ३० एप्रिल २०२४ पर्यंत राहिली. आम्हा सगळ्यांना वाटलं, देव पावला. पोरानं गोदामात रात्रपाळी धरली. आठवड्याला चाळीस तास, कधी अठ्ठेचाळीस. पहिल्या वर्षी घरी पैसे पाठवले, भावानं त्यातून ठिबकचा हप्ता फेडला. दुसऱ्या सत्रात दोन विषय गेले. तिसऱ्यात एक. एका विषयाला पुन्हा बसायचं तर आपल्या पैशात लाखाच्या घरात फी. त्याला मी फोनवर रागावलो तर म्हणाला, "तात्या, शिफ्ट आणि असाइनमेंट समोरासमोर आली की शिफ्टच जिंकते. शिफ्टचे पैसे शुक्रवारी हातात पडतात."

यावर मला काही बोलता आलं नाही. ठिबकच्या नळ्या रानात पसरल्या होत्या ना.

२०२४ अखेर संपायचा डिप्लोमा ऑगस्ट २०२५ ला संपला. आता बँकेचं बघा. मंजुरीपत्रावर कोर्सची मुदत २०२४ अखेर, त्यापुढं एक वर्ष सूट, हप्ता जानेवारी २०२६ पासून. नोकरी शोधायला म्हणून जे वर्ष ठेवलं होतं त्यातले आठ महिने राहिलेले विषय सोडवण्यात गेले. मुदत वाढवून मागायचा अर्ज भावानं दिलाय, साहेब सध्या रजेवर आहेत. आणि तक्त्यात बघायचं तर माझा पुतण्या दोन वर्षांच्या रकान्यात नापास आणि तीन वर्षांच्या रकान्यात पास. पोरगं एकच. म्हणून म्हणतो, कोणी टक्केवारी सांगितली की पहिला प्रश्न, किती वर्षांत?

त्याच्या बेसमेंटमधला एक सोबती, गुजरातकडचा, दुसऱ्या सत्रानंतर कॉलेजात जायचाच थांबला. सामान घेऊन कुठंतरी गेला, भाडं मात्र देऊन गेला. तो कुठल्या रकान्यात धरायचा? कॅनडा सरकारनं २०२४ च्या मार्च-एप्रिलमध्ये कॉलेजांकडून हजेरीचे अहवाल घेतले तेव्हा सुमारे ५० हजार परदेशी विद्यार्थी ज्या कॉलेजच्या नावावर व्हिसा घेतला तिथं सापडले नाहीत. त्यातले सुमारे २० हजार भारतीय. सगळेच पळाले असं म्हणणार नाही, काहींनी कॉलेज बदललं असेल आणि कागद मागं राहिला असेल. पण आमच्या लॅबच्या भाषेत याला अननोन लॉस म्हणतात, आणि इतका मोठा अननोन लॉस निघाला असता तर एमडींनी मिल थांबवली असती.

थांबवलीच म्हणायची. २२ जानेवारी २०२४ ला कॅनडानं विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा घातली. त्या वर्षासाठी सुमारे ३ लाख ६० हजार परवाने, म्हणजे आदल्या वर्षापेक्षा ३५ टक्क्यांनी कमी, आणि प्रांतांना वाटणी लोकसंख्येच्या मानानं. ओंटारिओनं आधी आपल्या वाट्यापेक्षा किती तरी जास्त मुलं घेतली होती, त्यामुळं घाव तिथं सगळ्यात खोल बसला. जास्त का घेतली होती, तेही सांगतो. २०१९ मध्ये तिथल्या प्रांत सरकारनं स्थानिक मुलांची फी १० टक्के कमी करून गोठवली. कॉलेजांची तूट भरायची कोणी? परदेशी मुलांच्या फीवर कोणी मर्यादा घातलेली नव्हती. म्हणजे तीस गुंठ्यांचा बोजा आमच्या सातबाऱ्यावर आणि फीची सवलत तिथल्या पोराला. कायद्यानं यात कोणाचं काही चुकलेलं नाही, मला ठाऊक आहे. तरी लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

पुढची दोन-तीन वर्षं हे प्रांतांचे आकडे हलणार आहेत, आणि खरी गफलत तेव्हा होणार आहे. समजा एका कॉलेजात २०२२ ला हजार मुलं आली, त्यातली सहाशे २०२४ ला पास झाली. २०२४ ला मर्यादेमुळं नवी आली पाचशेच. कोणी घाईघाईनं यंदा पास झालेले भागिले यंदा आलेले असा हिशेब मांडला, तर उतारा एकशेवीस टक्के. असा ऊस मला एकतीस वर्षांत भेटला नाही. ज्या वर्षीची तुकडी, त्याच तुकडीचे पास. दुसरा हिशेब नाही.

तुकडी बरोबर धरली तरी आणखी एक मेख आहे. १५ मे २०२४ पासून, माझ्या पुतण्यासारखं नाव एकाचं आणि वर्ग दुसऱ्याचा अशा ठिकाणी नव्यानं दाखल होणाऱ्याला शिक्षणानंतरचा काम-परवाना मिळत नाही. त्यामुळं तशा ठिकाणी जाणारी मुलं आटली. जानेवारी २०२४ पासून खात्यात दाखवायची रक्कम १० हजार डॉलरवरून २०,६३५ डॉलर झाली, म्हणजे हातात जरा जास्त पैसा असलेलीच पोरं निघाली. बाहेरच्या कामाचे तास नोव्हेंबर २०२४ पासून आठवड्याला २४ वर ठरले. त्याच महिन्यापासून कॉलेज बदलायचं तर नवा विद्यार्थी परवाना काढावा लागतो. तेव्हा २०२७ मध्ये कोणी छापलं की ओंटारिओत परदेशी मुलांचं पास होण्याचं प्रमाण वाढलं, तर कॉलेजं सुधारली असं लगेच समजू नका. आत गेलेला ऊसच वेगळा होता. आणि ब्रिटिश कोलंबियाचं कमी झालं, तर तिथली बदलीची वाट अरुंद झाली का, ते आधी बघा. फुले २६५ ही उसाची जात आली तेव्हा टनेज बघून सगळे खूश होते, आणि काही कारखाने नोंद घ्यायला कुरकुरत होते. दोघंही आपापल्या जागी खरे होते.

जर्मनीचं थोडक्यात. माझ्या बायकोच्या बहिणीची मुलगी सॅक्सनी राज्यात केम्निट्झला मास्टर्स करते. भारतीय मुलं तिथं आता परदेश्यांत सगळ्यात जास्त, २०२३-२४ ला सुमारे ४९ हजार. फी जवळपास नाही, म्हणून आपल्याकडं जर्मनी म्हणजे फुकट असा समज आहे. त्यातही राज्य बघावं लागतं. बाडेन-व्युर्टेंबर्गमध्ये युरोपबाहेरच्या मुलांना २०१७ पासून सत्राला १५०० युरो द्यावे लागतात. व्हिसासाठी खात्यात वर्षाचे ११,९०४ युरो अडकवायचे, ते मात्र म्युनिकलाही तेवढेच आणि केम्निट्झलाही तेवढेच. महिन्याला ९९२ युरो हातात येतात. केम्निट्झला खोली स्वस्त, तेवढ्यात भागतं. म्युनिकला त्यातला मोठा घास घरमालकच घेतो, मग पोरगं हॉटेलात प्लेटा उचलतं, आणि पुढची गोष्ट मी माझ्या पुतण्याची सांगितलीच आहे.

तिथली खरी अडचण मला या मुलीनं सांगितली. एकाच विषयात सहसा तीनदा बसता येतं. तिसऱ्यांदा गेला की कागदावर 'एंडग्युल्टिश निश्ट बेश्टांडन' असा शेरा पडतो, म्हणजे कायमचा नापास. नाव निघतं, आणि तोच अभ्यासक्रम दुसऱ्या विद्यापीठातही सहसा घेता येत नाही. आपल्याकडं केटी लावून लावून इंजिनियर झालेले थोर लोक मी पाहिलेत, त्यांना हे पटणार नाही. ती म्हणाली, "काका, इथं परीक्षेतून वेळेत नाव काढून घेणं हीसुद्धा विद्या आहे." तयारी नसेल तर मुदतीच्या आत नाव मागं घ्यायचं, म्हणजे संधी वाया जात नाही. परिणाम असा की चार सत्रांचं मास्टर्स पाच-सहा सत्रं चालतं. 'नेमलेल्या मुदतीत पास' हा आकडा तिथं कमी दिसतो त्यात हा शहाणपणाही मिसळलेला असतो. उलट पदवीच्या पहिल्या पायरीला जर्मन भाषेत शिकायला गेलेल्या परदेशी मुलांची गळती तिथल्या मुलांपेक्षा जास्त आहे, मास्टर्सला ती पदवीच्या मानानं कमी. बारावीनंतर पोराला जर्मनीला धाडणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

अमेरिकेबद्दल एकच गोष्ट. तिथं १९९० च्या कायद्यानं कॉलेजांना पास होण्याचं प्रमाण जाहीर करावं लागतं, चार वर्षांच्या पदवीला सहा वर्षांपर्यंतची मुदत धरून, आणि परदेशी मुलांची ओळ वेगळी असते. पण हा हिशेब पहिल्यांदाच कॉलेजात आलेल्या, पूर्णवेळ, पदवीच्या मुलांचा. एमएस त्यात धरतच नाहीत. २०२३-२४ मध्ये अमेरिकेत ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी होते, त्यातले १,९६,५६७ पदव्युत्तर. म्हणजे कन्सल्टन्सीवाला जेव्हा एखाद्या विद्यापीठाचा 'ग्रॅज्युएशन रेट' दाखवून एमएसला पाठवतो, तेव्हा तो शेजारच्या शिवारातला उतारा दाखवतोय.

आता तुमच्याकडं मागणं. सत्काराचे फोटो बंद करा असं माझं म्हणणं नाही. आईबापांचा तो आनंदाचा दिवस असतो, आणि अशा फोटोंवर तुमचं काय चालतं ते मलाही कळतं. पण पुढच्या वेळी कन्सल्टन्सी फोटो घेऊन आली की तिला फोटोखाली आणखी एक ओळ द्यायला सांगा. तीन वर्षांपूर्वी कितींना पाठवलं, कुठल्या प्रांतात, त्यातले आजवर किती पास. ज्यांच्याकडं हिशेब असेल ते आनंदानं देतील. नसेल तर 'माहिती दिली नाही' असं छापा. साखरेच्या तक्त्यात एखाद्या कारखान्यापुढं तुम्ही नुसती रेघ ओढता, तसं. बँकांच्या जिल्हा बैठकीच्या बातमीत शैक्षणिक कर्ज किती वाटलं ते येतं. त्या बैठकीला तुमचा वार्ताहर बसलेला असतोच. कोर्स पूर्ण झाल्याचा दाखला किती खात्यांत जमा झाला, एवढं त्यानं उठून विचारावं.

मी माझ्यापुरतं सुरू केलंय. लॅबची जुनी शिफ्ट रिपोर्टची वही होती, त्यात आमच्या आणि शेजारच्या दोन गावांतनं बाहेर गेलेल्या पोरांची नावं लिहिली. चौदा आहेत. देश, प्रांत, कधी गेला, कोर्स किती वर्षांचा, कधी पूर्ण. बहुतेकांनी नीट सांगितलं. दोघांनी "तुम्हाला काय करायचंय?" म्हणून विचारलं, रास्तच आहे. एका घरी माऊलीनं चहा केला, पोह्याचा चिवडा पुढं ठेवला, पोराचा मोबाइलवरचा बर्फातला फोटो दाखवला. २०२१ ला गेलेला. पास कधी झाला विचारलं तर म्हणाली, "बरा हाय की. रविवारचा फोन येतो." पुन्हा विचारलं नाही. त्या नावापुढची जागा वहीत मोकळी आहे.

पुतण्याचं प्रमाणपत्र गेल्या महिन्यात कुरिअरनं पलूसला आलं. तो तिकडंच आहे, पण मूळ प्रत त्यानं वडिलांकडं पाठवली. भावानं लिफाफा कात्रीनं न फाडता सुरीनं अलगद उघडला, कागद दोनदा वाचायचा प्रयत्न केला, आणि सातबारा ठेवतो त्याच पत्र्याच्या पेटीत ठेवला. डिसेंबर २०२२ ला पोराला व्हिसा मिळाला तेव्हाचा फोटो आपल्याच दैनिकात आला होता. ते कात्रण देवघराशेजारी चिकटवलेलं आहे, आता पिवळं पडलंय. प्रमाणपत्र हातात धरलेल्या भावाचा फोटो मी मोबाइलवर काढलाय. थोडा हललाय, पण चेहरा ओळखू येतो. छापणार असाल तर पाठवतो.

आपला नम्र,
एक निवृत्त साखर केमिस्ट
पलूस, जि. सांगली